पडद्याविना युद्धपटाचं संगीत
चित्र समोर नसेल तर युद्धपटांचं संगीत म्हणजे नुसता दणदणाट, असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटात फ्रान्समधल्या ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईला संगीतच नाही! संगीतकार जॉन विल्यम्सचं 'हिम टू द फॉलन' (म्हणजे धारातीर्थी पडलेल्यांसाठीचं स्तोत्र) वाजतं ते शेवटच्या श्रेयनामावलीवर, म्हणजे दृश्याचा आधार त्याला मुळातच नाही. १९९८ साली त्याचं ध्वनिमुद्रणसुद्धा स्टुडिओत नाही, बॉस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये झालं, तिथल्याच ऑर्केस्ट्राकडून.

मी ते सभागृहात ऐकलं तेव्हा सुरुवातीला ड्रमच्या काठ्या कातड्याला जेमतेम टेकत होत्या, शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. पुढे कोरस चढत गेला, पण त्यात शब्द एकही नाही. संपल्यावर बराच वेळ कुणाचा टाळीला हातच उठेना.