अनुभव धागा: खिमा भरलेले बन, अफगाणी वळणाच्या मसाल्याचे

धागाकर्ती, पुणे

घरी खिम्याचे बन भाजणारे आपल्यात बरेच आहेत, हे मागच्या गप्पांतून कळलं. इथे मात्र मला एकाच वळणाचे अनुभव हवे आहेत. गोडा मसाला नाही, कांदा-लसूण मसाला नाही, गरम मसाल्याचं पाकीट तर नाहीच. जिरे, सुके धने, वेलदोडे, दालचिनी, लवंग, मिरी आणि भरपूर कांदा. नाव लिहायचं नसेल तर नुसतं गाव लिहा.

माझं प्रमाण आधी देते, म्हणजे बोलायला सोपं. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, ३०० मिली कोमट दूध-पाणी, ४० मिली तेल. ६० ग्रॅमचा एक गोळा धरला तर १४ बन होतात. आत साधारण ३५ ग्रॅम सारण. त्यासाठी ४०० ग्रॅम मटण खिमा आणि ३०० ग्रॅम बारीक कांदा, दोन चमचे भरड धनेपूड, चमचाभर जिरेपूड, पाऊण चमचा चार मसाला (जिरे, वेलदोडे, दालचिनी, लवंग), अर्धा चमचा मिरी, चिमूटभर हळद. वरून अंड्याचा हात, तीळ, कलौंजी. १९० अंशांवर १८ ते २० मिनिटं.

यात मी एकाच गोष्टीवर हटून बसते: सारण कोरडं आणि पूर्ण गार हवं. कढई तिरकी केली की पाणी वाहता कामा नये. ओल्या सारणाने बनाचा तळ चिकट राहतो. गरम सारण भरलं तर तेवढ्या भागातलं पीठ आधीच फुगून पातळ होतं आणि ओव्हनमध्ये शिवण उकलते.

हॅम्बुर्ग

आमच्या शहरात अफगाणी वस्ती मोठी आहे. स्टेशनाजवळ स्टाइनडामला गेलात की सुका पुदिना, काळं जिरं, ताजा नान, सगळं एका रस्त्यावर मिळतं. शेजारच्या खाला काबूलच्या. त्यांच्यासमोर मी खिमा परतत होते आणि सवयीने आलं-लसूण वाटण घ्यायला हात गेला. त्या म्हणाल्या, "आधी कांदा होऊ दे." मग वीसेक मिनिटं मंद आचेवर नुसता कांदा. तो सोनेरी झाल्यावर खिमा, धने त्याच्यामागून, आणि चार मसाला अगदी शेवटी, गॅस बंद करताना. लसूण घातला, पण दोनच पाकळ्या. आलं नाहीच.

त्या दिवसापासून मी मसाला निम्म्यावर आणलाय. धने भरड असले की दाताखाली येतात आणि मांसाची चव वर राहते. सोबत चक्का, त्यात किसलेला लसूण, मीठ, हातावर चोळलेला सुका पुदिना. खालांच्या घरी मंतूवर, म्हणजे खिमा भरून वाफवलेल्या मोदकांवर, हेच घालतात.

इथल्या थंडीत पीठ लवकर फुगत नाही. मी यीस्ट निम्मं घेऊन पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. चव जास्त चांगली येते, असं माझं मत. नवऱ्याला फरक कळत नाही.

कोल्हापूर

वाचतोय आणि विचार करतोय, मिरची नाही म्हणजे खायचं काय? तरी पण करून बघितलं, कारण बायकोनं यादी फ्रिजवर चिकटवली होती. आमच्याकडं खिमा म्हणजे चटणी घातल्याशिवाय हात धुवून उठत नाहीत. एक घाणा जसाच्या तसा केला, एकात आमची चटणी घातली. पोरांनी पहिला घाणा संपवला. आता यावर काय बोलायचं!

नाशिक (निवृत्त स्थापत्य अभियंता)

मी हेरात प्रांतात सलमा धरणाच्या कामावर काही काळ होतो. हरी रूद नदीवरचं हे धरण भारताने बांधलं, २०१६ मध्ये उद्घाटन झालं. तेव्हा तिथल्या जेवणाबद्दल थोडं अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट, असा फुगीर गोल बन मी तिथे पाहिला नाही. भरलेले पदार्थ म्हणाल तर बोलानी, आत गंदना (कांद्याच्या पातीसारखी भाजी) नाहीतर बटाटा, तव्यावर तेल सोडून भाजलेली. संबोसा तळलेला. मंतू वाफवलेले. तुमच्या बनाला सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे उझबेक सम्सा. उत्तरेला मझार-ए-शरीफच्या बाजूला ही मंडळी बरीच आहेत. सम्सा तंदूरच्या आतल्या भिंतीला थापून भाजतात. आत यंत्रातला खिमा नसतो, सुरीने बारीक तोडलेलं मांस, जवळजवळ तेवढाच कांदा, जिरे, आणि दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीची चरबी. मसाल्याचं काम खरं तर चरबीच करते.

दुसरी गोष्ट, आपल्या हॉटेलांत 'अफगाणी चिकन' म्हणून काजू आणि क्रीमचं जे पांढरं प्रकरण देतात, त्याचा तिथल्या घरच्या जेवणाशी संबंध मला कधी दिसला नाही. या धाग्यावर कोणी सारणात काजूपेस्ट घालू नये, ही विनंती.

आमच्या छावणीतला स्वयंपाकी मिरची शिजवायचा नाही. हिरवी मिरची, कांदा, टोमॅटो ताटलीत कच्चे द्यायचा. ज्याला हवं त्याने चावावं. आणि नान! हातभर लांब, पाठीवर बोटांनी पाडलेल्या खाचा, वर कलौंजी. सकाळी तो नुसत्या चहाबरोबर खायचो. घरी मी बनांवर तशाच खाचा पाडतो, पण हलक्या हाताने, नाहीतर सारण बाहेर डोकावतं.

धागाकर्ती, पुणे

काका, चरबीचा मुद्दा पटला. खाटकाकडून खिम्यात थोडी चरबी मुद्दाम घालून घेतली तर चालेल ना?

नाशिक

चालेल काय, घ्याच. पाचात एक भाग. खांद्याचं मांस असेल तर बरं. मांडीचा खिमा दिसायला सुंदर आणि खायला कोरडा.

म्हापसा

आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाले, चोरीस पाव भाजतात. पावाच्या आत चोरीस (गोव्याचं मसालेदार डुकराचं सॉसेज), त्याचं लाल तेल भाजताना पावात मुरतं. चरबी पाहिजे म्हणतात ती याचसाठी. मी एकदा मटणाचे बन ओळखीच्या पोदेराच्या भट्टीत लावले. सकाळचे पाव काढून झाल्यावर, आग विझलेली, नुसती धग उरलेली. तळ असा खरपूस आला की घरच्या ओव्हनचा राग यायला लागला. घरी निदान ट्रे आधी तापवून घ्या, बन तापल्या ट्रेवर ठेवा. तळात फरक पडतो.

रत्नागिरी

रमजानमध्ये आमच्याकडे रोजच काहीतरी खिम्याचं असतं, आणि तळण इतकं होतं की आठवड्याने कोणालाच नको वाटतं. म्हणून मी बनांकडे वळले. खिमा आदल्या रात्री करून ठेवते. गार झाल्यावर चरबी गोठते, सारणाचे गोळे वळता येतात आणि भरणं झटपट होतं. भाजताना तीच चरबी वितळून आत ओलावा देते, म्हणजे कोरडं सारण आणि ओलसर बन, दोन्ही साधतं. मूठभर कुटलेला अनारदाणा घालते, आंबटपणाला. सासूबाई आधी म्हणाल्या, "हे पावात काय कोंबलंस?" आता इफ्तारच्या ताटात त्या स्वतःसाठी दोन बाजूला काढून ठेवतात.

दुपारी उशिरा पीठ मळलं तर मे महिन्यात तासाभरातच दुप्पट होतं. घड्याळाकडे नका बघू, पिठाकडे बघा.

ठाणे

चिकन खिमा वापरणाऱ्यांसाठी: कांदा खिम्याइतकाच घ्या आणि चमचाभर तूप सारणात सोडा. नाहीतर भुसा होतो. बाकी सगळं वरच्यासारखंच.

नागपूर

ओव्हन नाही आमच्याकडे. मोठा कुकर, रिंग आणि शिट्टी काढलेली, तळाला मीठ, त्यावर स्टँड, त्यावर ताटली. दहा मिनिटं तापवायचा, मग मध्यम आचेवर साधारण ३५ मिनिटं. बन मस्त शिजतात, वरून रंग मात्र येत नाही. मी शेवटी लोणी लावलेल्या तव्यावर डोकं खाली करून मिनिटभर ठेवते. चिकटलेले तीळ थोडे सुटतात, सुटू दे.

दिल्ली

लाजपतनगरमध्ये राहते. अफगाणी दुकानातून चार मसाला तयार आणायचे, आता घरी दळते, कारण विकतच्यात जिरे जास्त लागले. काळा वेलदोडा एकच घाला, सालासकट नको. दोन घातले की धुराचा वास बाकी सगळ्याला झाकतो. हिरव्या चटणीत अक्रोड आणि व्हिनेगर घालून पाहा, तिथे तशी करतात. कोल्हापूरकरांनी त्यात मिरची हवी तेवढी वाढवावी.

कोल्हापूर

अक्रोडाची चटणी केली. मिरच्या आठ घातल्या. आता बरं वाटतंय.

बंगळूर

डब्यात नेता येतात का? आणि फ्रीझ कोणी केलेत?

धागाकर्ती, पुणे

डब्यात उत्तम, पण पूर्ण गार करूनच डबा बंद करा, नाहीतर वाफेने साल सुरकुततं. फ्रीझरमध्ये भाजलेलेच ठेवते, कच्चे नाही. काढल्यावर फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर १५ मिनिटं, शेवटची दोन मिनिटं फॉइल उघडून. मायक्रोवेव्हमध्ये मऊ होतात, पण लगेच खावे लागतात, गार झाले की चिवट.