इम्पॅक्ट गनवर टिकेल अशी स्विव्हल गोटी (कोनात वळणारं सॉकेट) कुठली घ्यावी?

तेलकट_बाही

गिअरबॉक्स उतरवतोय. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे बॉक्स लांबीला बसलेला. बेल हाउसिंगचे (बॉक्सचं इंजिनला जोडलेलं घंटेसारखं तोंड) खालचे बोल्ट सुखाने निघाले. वरचे दोन राहिलेत. एम१२ चे बोल्ट, १७ ची डोकी. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून कळतात एवढंच.

मागच्या बाजूने लांब एक्स्टेन्शन घातलं, टोकाला युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा), त्यावर गोटी, आणि अलीकडे अर्धा इंची इम्पॅक्ट गन (ठोके मारत बोल्ट फिरवणारी). ट्रिगर दाबला. पाच-सहा ठोके बरे बसले, मग टण्ण. जॉइंटचा एक कान (पिन धरणारी बाजू) तुटून माझ्या छातीवर येऊन पडला. मी खाली उताणा, तोंड वर. चष्मा लावलेला होता, पण पुढचा अर्धा तास गाडीखाली जायचं मन झालं नाही.

जॉइंट चकचकीत क्रोमचा, हाताच्या रॅचेटच्या पेटीतला. तो गनवर लावायचा नसतो हे माहीत होतं. "दोनच तर बोल्ट" म्हणून लावला. त्यावर बोलणी खायची तयारी आहे.

आता नीट काहीतरी घ्यायचंय, तर:

१. वेगळा इम्पॅक्ट जॉइंट आणि त्यावर साधी गोटी घ्यावी, की जॉइंट अंगचाच असलेली स्विव्हल गोटी?
२. दोन पिनांचा जॉइंट बरा की गोळ्याचा?
३. तीन सुती की चार सुती, म्हणजे गोटी ज्या चौकोनावर बसते तो ३/८ इंची की अर्धा इंची?
४. अख्खा सेट घ्यावा की लागतील तेवढ्याच?

रात्रपाळी

तो तुटलेला कान फेकू नका. उजेडात धरून तुटलेली कड बघा. करडी, दाणेदार, पॉलिश कागदासारखी दिसेल आणि आसपास कुठे धातू वाकलेला, ताणलेला नसेल. कडक पोलाद असंच जातं, आधी सांगून नाही. हाताच्या गोट्या बहुतेक क्रोम व्हॅनेडियमच्या, वरून क्रोम चढवलेल्या. इम्पॅक्टच्या सहसा क्रोम मॉलिब्डेनमच्या, भिंत जाड, कडकपणा थोडा कमी आणि चिवटपणा जास्त. म्हणजे ठोका बसला की किंचित देतात. पण काळा रंग बघून भुलू नका. तो नुसता वरचा थर आहे, काळं काहीही करता येतं. खोक्यावर आयएसओ २७२५-२ किंवा डीआयएन ३१२९ लिहिलेलं असलं तर निदान गोटी मशीनसाठी म्हणून बनवलीय एवढं समजतं. जॉइंटची परीक्षा मात्र आपल्याच हाताने करायची.

माझ्या ट्रॉलीच्या सगळ्यात खालच्या खणात मेलेल्या स्विव्हल गोट्या आहेत. का ठेवल्यात विचारू नका, आमच्या धंद्यात कोणी काही टाकत नाही. आत्ता मोजल्या, सात निघाल्या. सातही गोट्यांचं षटकोनी तोंड शाबूत आहे, बोल्टवर आजही घट्ट बसेल. पाचांत पिनेची भोकं अंड्यासारखी लांबट झालीत, एकीचा कान फाकलाय, एकीची अर्धी पिन चालत्या कामात गळून पडली, ती अजून कुठल्या तरी गाडीच्या क्रॉस मेंबरवर (खालची आडवी पट्टी) प्रवास करत असेल. तेव्हा घेताना तोंड कमी बघा, कंबर जास्त बघा.

कंबर कशी बघायची? दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि उलटसुलट पिळा. नव्या गोटीतही कणभर खेळ असतोच. पण "कट-कट" असं बोटांना जाणवायला लागलं तर परत ठेवा. गन मिनिटाला दोन-तीन हजार ठोके मारते. प्रत्येक ठोका आधी तो खेळ भरून काढतो, मग उरलेला बोल्टला पोचतो. म्हणजे ढिली गोटी बोल्टही सोडवत नाही आणि स्वतःचीच पिन ठोकत बसते.

मग पिनेची टोकं बघा. दोन पिनांच्या जॉइंटमध्ये मधे एक ठोकळा असतो आणि पिना त्यात काटकोनात जातात. दोन्ही एकाच मध्यातून आरपार जाऊ शकत नाहीत, म्हणून एक अखंड आणि दुसरी दोन तुकड्यांत. गळतात ते हे तुकडे. भोकाच्या तोंडाशी धातू ठोकून पिन आत बंद केलेली असेल तर ठीक. पिनेचं टोक कडेच्या बाहेर डोकावत असेल तर नको.

शेवटचं म्हणजे स्प्रिंग. गोटी वाकवून सोडा. वाकवली तिथे थांबली पाहिजे. मान टाकली तर आंधळ्या जागेत, लांब एक्स्टेन्शनच्या टोकावर, ती बोल्टच्या डोक्यावर चढवता चढवता तुमचाच जीव जाईल.

तुमच्या प्रश्नांवर येतो. अंगचा जॉइंट असलेलीच घ्या. लांबी कमी आणि मधला एक चौकोन वाचतो, म्हणजे खेळाची एक जागा कमी. गोळ्याची गोटी बाहेरून बारीक आणि गुळगुळीत, अडचणीत छान शिरते. पण जिच्यात गोळ्यातून एकच आडवी पिन जाते आणि तिची टोकं आतल्या खाचांत सरकतात, तिच्यात सगळा भार त्या दोन टोकांवर. रोजच्या कामाला मी दोन पिनांची वापरतो. सेट घेऊ नका. जपानी घडणीच्या गाड्यांवर १०, १२, १४, १७ ही डोकी फिरून फिरून येतात, युरोपीय गाड्यांवर १०, १३, १६, १८. बाकीच्या गोट्या पेटीत नव्याच राहतात. तोंड सहा कोनीच हवं. बारा कोनी गनवर लावली की डोक्याचे कोपरे गेलेच म्हणून समजा.

आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न गोटीचा नाहीच. स्विव्हल ही सैल झालेला बोल्ट भराभर बाहेर काढायला. जाम बोल्टचा पहिला टण्णा तिच्यावर काढायचा नसतो. बॉक्सखाली जॅक द्या, मागचा क्रॉस मेंबर सोडा आणि बॉक्सचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, खाली उतरवा. इंजिन मागे कलतं, वरचे बोल्ट गाडीच्या तळातल्या बोगद्याच्या छतापासून सुटे होतात आणि एक्स्टेन्शन जवळजवळ सरळ जातं.

अंशमापक

वरच्या उत्तराला थोडा हिशेब जोडतो. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरला की पुढचं टोक एकसारखं फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतं, दोनदा रेंगाळतं. किती, ते कोनाच्या कोसाइनवर. १५ अंशांना वेग ०.९७ ते १.०४ पट, म्हणजे सोडून द्या. ३० अंशांना ०.८७ ते १.१५. ४५ ला ०.७१ ते १.४१, आणि तिथे बहुतेक जॉइंट आधीच कडेला टेकलेला असतो. टेकला की तो जॉइंट राहत नाही, तरफ होते. तुमचा कान बहुधा असाच गेला.

तीन सूत की चार सूत: चौकोन ९.५ मिमी आणि १२.७ मिमी. पिळाला तोंड देण्याची ताकद बाजूच्या घनात वाढते, म्हणजे चार सुती चौकोन साधारण २.४ पट. अर्धा इंची गनला रिड्यूसर लावून तीन सुती स्विव्हल घातली तर पुढे काय होणार ते त्या कानाला विचारा.

जुना_पाना

कोन थोडाच असेल तर वॉबल एक्स्टेन्शन बघा. चौकोनाच्या कडा गोलसर केलेल्या असतात, गोटी साधारण १५ अंश डुलते. पिनच नाही तर तुटणार काय? मी दर महिन्याला स्विव्हल गोट्यांना ग्रीस भरतो, त्याने पण फरक पडतो.

रात्रपाळी

वॉबलचं शंभर टक्के बरोबर, माझ्याच लक्षात यायला हवं होतं. ग्रीसचं पटत नाही. ब्रेकची धूळ आणि गंजाची भुकटी ग्रीसला धरून बसते आणि पिनेला पॉलिश पेस्ट लावल्यासारखी खाते. रात्री पुसायची, पातळ तेलाचा एक थेंब, दोनदा हलवायची, परत पुसायची. बस.

एक राहिलं. गोटी बोल्टवर बसल्याशिवाय ट्रिगर नाही. हवेत फिरवलीत तर वाकून गोफणीसारखी सुटते.

तेलकट_बाही

चार दिवसांनी लिहितोय.

१७ ची एकच, चार सुती, दोन पिनांची घेतली. पहिली हातात घेऊन पिळली तर "कट-कट" स्पष्ट कळलं, दुसरी मागवली. ती वाकवली तिथे थांबते.

तरी आधी शेपूट खाली घेतलं. चार बोटं उतरलं असेल नसेल, तेवढ्यात डाव्या बोल्टचं डोकं टॉर्चमध्ये चक्क दिसलं. इतके दिवस मी ज्याला बोल्ट समजून चाचपत होतो ती वायरिंगची क्लिप होती, खरा बोल्ट तिच्या दोन बोटं वर. डाव्याला वॉबल पुरलं. मागे लांब दांडी लावून हातानेच दाबलं, कुईंऽ करून सुटला, पुढचं गनने. उजव्याला कोन राहिलाच, तिथे स्विव्हल. पहिला टण्णा तोही हाताने. गनने दहा सेकंदांत बोल्ट बाहेर.

एक गोंधळ केला. शेपूट उतरवताना बॉक्सच्या ब्रीदरची (आतली हवा सोडणारी) नळी काढायची राहिली. ताणून फाटली. नवी टाकावी लागेल. जे कोणी हे वाचून शेपूट उतरवतील त्यांनी वरची नळी, वायरी आणि इंजिनचा पुढचा पंखा रेडिएटरच्या आवरणाला टेकतोय का, हे आधी बघा.

आता परत बसवताना हीच स्विव्हल लावून टॉर्क पान्याने आवळलं तर चालेल का?

अंशमापक

सरळ एक्स्टेन्शनने आकडा बदलत नाही, कोनातल्या जॉइंटने बदलतो, आणि किती ते पाना कुठल्या कोनात थांबला यावर. शेपूट खाली असतानाच वरचे दोन सरळ एक्स्टेन्शनने आवळून घ्या.

रात्रपाळी

हो, आणि सुरुवातीचे आटे बोटांनी. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे ना? मग गन पेटीत, नाहीतर आटे जातील.