मानेचं ब्लॉकेज म्हणे आता रक्तात दिसतं!

तिरसट_पेठकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं आणि लगेच अंगठ्यांचा पाऊस. "मानेच्या नसा तुंबल्यात का? फक्त रक्त तपासून ओळखा! सीआरपी, होमोसिस्टीन, एलपी-ए, एलपी-पीएलए२, ॲपो-बी. पॅरालिसिस टाळा, दर सहा महिन्यांनी तपासा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सॅम्पल घेणार, ज्येष्ठांना सवलत." सवलत जाऊन साडेतीन हजार, आणि नावं द्यायला ही झुंबड!

अहो, या पाचपैकी एकही टेस्ट मानेतली नळी किती अरुंद झालीय ते सांगत नाही. सीआरपी एवढंच सांगते की अंगात कुठेतरी सूज आहे. ती दाढेतली असेल, गुडघ्यातली असेल, गेल्या महिन्यातल्या चिकनगुनियाची असेल. पालखीबरोबर दिवे घाट चढून आलात आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिलंत तरी ती वर दिसेल. एलपी-पीएलए२ या रक्तातल्या एन्झाइमच्या टेस्टला अमेरिकेत २००५ मध्ये स्ट्रोकचा धोका बघायला परवानगी मिळाली, मग त्यालाच दाबणारं डाराप्लाडिब नावाचं औषध काढलं, २०१४ मध्ये दोन मोठ्या ट्रायल्समध्ये ते आपटलं. ती टेस्ट आता आमच्या पार्किंगमध्ये येतेय. वर हेही ऐका, काहीच त्रास नसलेल्या माणसाची मानेची सोनोग्राफीसुद्धा सरसकट करू नका असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह टास्क फोर्सने २०१४ ला सांगितलं आणि २०२१ ला पुन्हा सांगितलं. आणि आपण सुईने ब्लॉकेज शोधतोय.

कर्वेनगरची_लेक
काका, तुमचं हसून झालं असेल तर माझं ऐका. माझे बाबा रोज वेताळ टेकडी चढायचे, तंबाखू नाही, दारू नाही, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९८, आणि ६१ व्या वर्षी एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. डावीकडची कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी नळी, ८० टक्के बंद निघाली. नंतर कुणीतरी एलपी-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा एक आनुवंशिक कण, तो तपासायला सांगितलं तर ती १४२, म्हणजे ५० च्या वर जास्त धरतात तिथे १४२. भावाचीही तशीच आहे. हे चाळिशीत कळलं असतं तर निदान बाकीचं सगळं जास्त कडक सांभाळलं असतं ना? "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, जा घरी" हेच ऐकत आलो आम्ही. आणि २००८ ची ज्युपिटर ट्रायल वाचली असेलच तुम्ही, एलडीएल चांगलं पण सीआरपी २ च्या वर अशा लोकांना रोसुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन दिलं तर स्ट्रोक जवळपास निम्मे झाले.

तिरसट_पेठकर
बाबांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ज्युपिटरमध्ये सीआरपी कमी असलेल्यांचा गटच नव्हता, त्यांनाही तेवढाच फायदा झाला असता का हे त्यातून कळतच नाही. त्यातून स्टॅटिन चालतं हे सिद्ध झालं, टेस्ट चालते हे नाही. एलपी-ए बद्दल माझं भांडण नाही, ती जन्माची देणगी, आयुष्यात एकदा केली की झालं, युरोपवालेही २०१९ पासून तेच म्हणतायत. मग दर सहा महिन्यांनी कशाला? तोच आकडा पुन्हा बघायला?

जेलवाला_डॉक
मी रेडिओलॉजिस्ट, कॅरोटिड डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी मानेची सोनोग्राफी, हे रोजचं काम. पेशंटची मान एका बाजूला वळवायची, जेल लावलं की "थंड आहे हो" हे येणारच, मग प्रोब हळूहळू जबड्याच्या कोनाकडे न्यायचा, तिथे नळीला दोन फाटे फुटतात आणि कचरा बहुतेक तिथेच साठतो. चांगल्या नळीत आवाज मऊ येतो. अरुंद जागी तोच चढतो, शिट्टीसारखा होतो, आणि वेग सेकंदाला २३० सेंटीमीटरच्या वर गेला की आम्ही ७० टक्क्यांच्या पुढचं ब्लॉकेज धरतो. सगळं रक्त सुरेख आणि नळी बंद, किंवा सीआरपी ९ आणि नळी लख्ख, दोन्ही बघितलंय. पण तिरसटराव, नुसत्या टक्क्यांवरही जाऊ नका. ४० टक्क्यांचा मऊ प्लाक, म्हणजे तोच साठलेला थर, फुटून मेंदूत जातो आणि ७० टक्क्यांचा दगड वर्षानुवर्षं गप्प बसतो. कुठला प्लाक फुटणार हे रक्तातून कळावं म्हणून संशोधन चाललंय ते काही मूर्खपणाचं नाही.

बाकी शिबिरात सोनोग्राफी का नसते माहितीय? पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यामुळे मशीन उचलून तुमच्या पार्किंगमध्ये आणता येत नाही. रक्ताच्या ट्यूबा काय, स्कूटरवरून जातात. म्हणून पॅकेज रक्ताचं. त्या कायद्याचे फॉर्म भरून भरून आमचं काय होतं त्यावर वेगळा धागा काढतो कधीतरी.

अंडं_खा_बरं
सगळे होमोसिस्टीनला विसरले. रक्तातलं एक अमिनो आम्ल ते, बी१२ कमी पडलं की वाढतं. पुणेकरांनी खरं तर तीच टेस्ट आधी करावी. इथल्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त बघितलं, ६७ टक्क्यांत बी१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. वरणभात आणि एक वाटी ताक, त्यावर "आम्ही सात्त्विक". रोज एक अंडं खा, अर्धा प्रश्न सुटेल.

तूपभात_निष्ठ
आलेच का ताटात डोकवायला! कुठलाही धागा असो, रस्त्यातल्या खड्ड्यांचा असला तरी दहाव्या कॉमेंटला तुमचं अंडं येतंच. माझी आजी ९४ वर्षांची होऊन गेली, अंड्याचं टरफलही शिवली नाही. दुधादह्यात बी१२ असतं, नीट वाचा.

अंडं_खा_बरं
असतं, पण तुम्ही पिता त्या पाणीदार ताकात किती? आणि आजीचं होमोसिस्टीन कोणी मोजलं होतं? आमच्या ऑफिसात निम्मी शाकाहारी मंडळी बी१२ च्या इंजेक्शनवर आहेत, दंड चोळत फिरतात पण अंडं नको.

तूपभात_निष्ठ
इंजेक्शन घेऊ, तुमच्या बापाचं काय जातं?

तिरसट_पेठकर
भांडा, पण विषयावर भांडा. होमोसिस्टीन उतरवून स्ट्रोक कमी होतो का? २००४ ची व्हिस्प ट्रायल, स्ट्रोक होऊन गेलेल्यांना जास्त डोसची व्हिटॅमिनं दिली, आकडा उतरला, पुढचे स्ट्रोक काही कमी झाले नाहीत. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नसतं. बी१२ कमी असेल तर घ्या ना, हातपाय बधिर होऊ नयेत म्हणून घ्या, विसराळूपणासाठी घ्या. मानेच्या नावाने कशाला?

नदीपलीकडचा_चिंचवडकर
पेठेत अर्धंच छापून येतं वाटतं. २००६ च्या होप-२ मध्ये त्याच व्हिटॅमिनांनी स्ट्रोक कमी झाले होते. २०१५ मध्ये चीनमध्ये बीपीवाल्यांना एनालाप्रिल या बीपीच्या गोळीबरोबर फॉलिक ॲसिड दिलं, पहिला स्ट्रोक ३.४ टक्क्यांवरून २.७ वर आला. तिथे पिठात फॉलिक ॲसिड मिसळत नाहीत म्हणून फरक दिसला असं म्हणतात.

तूपभात_निष्ठ
फॉलिक ॲसिड म्हणजे पालेभाजी. मेथी, पालक. कोंबडी नव्हे. नोंद घ्यावी.

अंडं_खा_बरं
फॉलिक घेऊन बी१२ कमीच राहिलं तर रक्त बरं दिसतं आणि मज्जातंतू आतून बिघडत राहतात. घ्या नोंद.

कर्वेनगरची_लेक
कमाल आहे तुमची. माणूस आडवा पडल्याचं लिहिलं त्यावर दीड ओळ, आणि अंड्यावर महाभारत. एक गोष्ट मी लिहिली नव्हती ती आता लिहिते. झटक्याच्या पंधरवडाभर आधी पेपर वाचताना बाबांच्या डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला, पाचेक मिनिटांत गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कोरडेपणा म्हणून ड्रॉप्स दिले. मान कुणी बघितली नाही. हे त्या फॉरवर्डमध्ये का नाही?

जेलवाला_डॉक
ताई, तो छोटा स्ट्रोकच होता. डोळ्याची रक्तवाहिनी त्याच बाजूच्या कॅरोटिडमधून निघते. असं झालं की त्याच दिवशी मान बघायला हवी.

तिरसट_पेठकर
मी सुरुवातीपासून हेच ओरडतोय! असं लक्षण आलेल्या माणसाचा हिशोबच वेगळा. १९९१ ची नॅसेट ट्रायल बघा, ७० टक्क्यांच्या वर ब्लॉकेज आणि नुकतंच लक्षण येऊन गेलेलं, तर नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक २६ टक्के, ऑपरेशन केलं तर ९. लक्षण नसलेल्यांत, १९९५ च्या अकासमध्ये, पाच वर्षांत ११ विरुद्ध ५, आणि तेही आजची औषधं नव्हती तेव्हा. त्या पंधरवड्यात बाबांना एलपी-ए ची नव्हे, डॉपलरची गरज होती.

कर्वेनगरची_लेक
तुम्ही बरोबर ठरलात, अभिनंदन. बाबा अजून "पाणी" म्हणायला गेले की "पान" म्हणतात.

तिरसट_पेठकर
तसं नव्हतं म्हणायचं मला. बरं, एलपी-ए मुलांची एकदा करून घेतो. सुटी, साध्या लॅबमध्ये. ते पॅकेज नाही.

नदीपलीकडचा_चिंचवडकर
पेठेने माघार घेतली, तारीख लिहून ठेवा रे. पण एक सांगा, स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण बीपी, आणि त्या पाच टेस्टांच्या यादीत बीपी कुठेय? मोजणार आहेत का रविवारी?

सेक्रेटरी_बी_विंग
मीच टाकलं होतं ते फॉरवर्ड. पॅकेजमध्ये बीपी नाहीये, आत्ता फोन करून विचारलं. माझ्या घरी मशीन आहे, रविवारी टेबलावर ठेवतो, कुणालाही फुकट. सेल संपलेत, येताना कोणीतरी चार पेन्सिल सेल आणा. आणि नावं दिलेल्यांपैकी ज्यांना आता मागे घ्यायचीत त्यांनी मला पर्सनलवर कळवा, ग्रुपवर नको, लॅबवाले ग्रुपमध्ये आहेत.