बूस्ट गेजचा काटा उलटा जाते, अर्जंट मदत पाहिजे

संत्रेवाला_२७ (शनिवार, सकाळी ७:१०)
भाऊ लोकहो, काल टर्बोचं बूस्ट गेज बसवलं, म्हणजे टर्बोचा पंखा इंजिनात किती दाबानं हवा भरते ते दाखवणारं मीटर. गाडी चालू केली का काटा शून्याच्या डाव्या बाजूले जाते अन् तिथंच बसून राहते. रेस द्या नाही तर नका देऊ, काही फरक नाही. इंजिन बंद केलं तरी तिथंच. दोनदा खोलून पुन्हा लावलं. नळीत तोंडानं फुंकलं तर काटा थोडा हलते, म्हणजे गेज खराब नाही. व्हिडिओत दाखवलं तसंच केलं सगळं. सोमवारी चिखलदऱ्याले जाणं आहे, पाहुणे येऊन राहिले. त्याच्या आधी चालू झालं पाहिजे. लवकर सांगा.

मेळघाट_चाके (७:३२)
गाडी कोणती? गेज नळीवालं का सेन्सर-वायरवालं? टी (नळीचा तीन तोंडांचा जोड) कुठं टाकला?

पांढरं_सोनं (७:४०)
गेज कायले पाहिजे राजेहो? मागून धूर पाहा. पांढरा, काळा, निळा, सगळं तिथंच समजते. आमच्या बुढ्यानं तीस वर्षं डिझेल गाड्या चालवल्या, त्यायच्या डॅशबोर्डावर डिझेलचा काटाही चालत नव्हता. काडी टाकून पाहत टाकीत.

संत्रेवाला_२७ (७:५५)
गाडी फोर बाय फोर आहे, डिझेल. गेज नळीवालं. टी इंजिनच्या रबरी पाइपात टाकला.

मेळघाट_चाके (७:५८)
इंजिनात रबरी पाइप पंधरा-वीस असतात भाऊ. कोणता?

नागपुरी_गियर (८:२०)
इतकी कापाकापी करायची गरजच नाही. ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचणारं) ब्लूटूथ डोंगल घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावा, मोबाईलवर मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे सिलेंडरांत हवा वाटणाऱ्या भागातला दाब, दिसते. मी दोन वर्षं झाली तेच वापरतो. एकही पाइप कापला नाही. फक्त तिथं आकडा किलोपास्कलमध्ये येतो अन् त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. म्हणजे १९० दिसलं तर त्यातून शंभरेक वजा करा, उरलेलं बूस्ट. ९० म्हणजे ०.९ बार.

पुणे_टॉर्क (८:४१)
एक दुरुस्ती. सरसकट शंभर वजा करणे चुकीचे आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. चिखलदरा साधारण अकराशे मीटर उंचीवर आहे, तिथे तो ८८-८९ च्या आसपास येतो. त्यामुळे घाटमाथ्यावर शंभर वजा केलेत तर बूस्ट दहा-बारा किलोपास्कलने कमी भासेल आणि तुम्ही उगाच टर्बो खराब झाला असे समजाल. मुळात गेज प्रेशर (बाहेरच्या हवेच्या वर किती) आणि अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर (बाहेरची हवा धरून एकूण) यातला फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. गाडी बंद असताना काटा शून्यावर असेल तर ते गेज प्रेशर, एक बारवर असेल तर अ‍ॅब्सोल्यूट.

पांढरं_सोनं (८:४४)
सर, काटा उलटा जाते हा प्रश्न आहे.

पुणे_टॉर्क (८:४६)
पाया पक्का नसेल तर उत्तर कळणार कसे?

चिखल_रोड (९:०५)
चिखलदऱ्याले जाऊन राहिले तर टायर कोणते आहेत? या दिवसांत एमटीच (चिखलाचे मड-टेरेन टायर) पाहिजे. मी मागच्या वर्षी बदलले, फरक जमीन-अस्मानाचा.

मेळघाट_चाके (९:११)
चिखलदऱ्याचा रस्ता डांबरी आहे. एमटी ओल्या डांबरावर उलट जास्त घसरते. अन् वावरातल्या काळ्या मातीत म्हणाल तर एकदा खाचा भरल्या का एमटी काय अन् गोटा टायर काय, सारखेच. संत्रेवाला भाऊ, टी कुठं टाकला ते सांगा ना.

चिखल_रोड (९:१५)
तुम्ही कधी एमटी वापरले का? काळ्या मातीत दुसऱ्या गियरमध्ये चाक जोरानं फिरवलं का माती आपोआप फेकली जाते.

संत्रेवाला_२७ (१०:३०)
फवारणीवर होतो. महिंद्राची थार आहे, जुनी सीआरडीई (डिझेल इंजिनवाली), २०१३ ची, मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. टी त्या जाड काळ्या पाइपात टाकला जो फायरवॉलजवळच्या (इंजिन अन् केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) गोल डब्याले जाते. व्हिडिओत पण तसाच गोल डबा होता अन् तसाच पाइप. त्यायचं गेज मस्त चाललं.

डिझेल_दादा (१०:३४)
थांब. गाडी हलवू नको.

डिझेल_दादा (१०:४७)
तो गोल डबा म्हणजे ब्रेकचा बूस्टर आहे लेका, व्हॅक्यूमच्या (हवा ओढून केलेल्या पोकळीच्या) जोरानं ब्रेक हलका करते! तू ब्रेकच्या व्हॅक्यूम लायनीत टी टाकला. नाव बूस्टर आहे म्हणून टर्बोचं बूस्ट तिथं मिळत नाही. खात्री करायची तर असं कर. जागेवर इंजिन बंद कर, हँडब्रेक लाव, अन् ब्रेक चार-पाच वेळा दाब. प्रत्येक दाबाले काटा थोडाथोडा शून्याकडं सरकला तर माझं बरोबर.

व्हिडिओवाल्याची गाडी पेट्रोल असन. पेट्रोलमध्ये थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) असते, त्याच्या मागं मॅनिफोल्डात व्हॅक्यूम तयार होते अन् ब्रेकची नळी तिथूनच निघते. तिथं टी टाकला तर टर्बो पेट्रोलमध्ये काटा दोन्हीकडं फिरते. डिझेलचं तसं नाही. मॅनिफोल्डातून ब्रेकले पुरेल असा व्हॅक्यूम भेटत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप देतात. तुझा काटा त्या पंपाचा व्हॅक्यूम दाखवून राहिला, टर्बोचा त्याच्याशी काही संबंध नाही.

अन् महत्त्वाचं. त्या टीमधून थोडी जरी हवा ओढली गेली तर ब्रेक दगडासारखा होते. घाट उतरताना मग आठवजो मले. आजच्या आज तो टी काढ अन् पाइप नवा अखंड टाक. कापलेला जोडू नको.

संत्रेवाला_२७ (११:२०)
दादा, पाच वेळा दाबला, काटा शून्यावर आला. तुमचं खरं निघालं. अन् आता ध्यानात आलं, काल वावरातून येताना ब्रेक कडक लागत होता. मले वाटलं चपलेले चिखल आहे म्हणून पाय घसरते.

डिझेल_दादा (११:२२)
हे पहिल्याच पोस्टीत सांगायचं असते भाऊ.

पांढरं_सोनं (११:३०)
म्हणून म्हटलं धूर पाहा.

संत्रेवाला_२७ (११:३४)
पाइप सांगितला मोर्शीहून, संध्याकाळपर्यंत येते. आता टी कुठं टाकू ते सांगा.

डिझेल_दादा (११:५०)
टर्बोवर एक छोटी डबी असते, तिच्यातून दांडी निघते, तो अ‍ॅक्च्युएटर. त्याच्या बारीक नळीत टी टाक. दहा मिनिटांचं काम. मी कितीक गाड्यायले असंच बसवून दिलं, एकही परत नाही आली.

मेळघाट_चाके (१२:०८)
दादा, माफ करा, पण इथं माझं पटत नाही. आधी ती नळी कुठून येते ते पाहायला पाहिजे. काही गाड्यांत अ‍ॅक्च्युएटर टर्बोच्या हवेवर चालते, काहीत व्हॅक्यूमवर. व्हॅक्यूमवाली असली तर भाऊचा काटा पुन्हा उलटाच जाईन. अन् हवेवर चालणारी असली तरी टी लीक झाला का अ‍ॅक्च्युएटरले दाब कमी पोचते, वेस्टगेट (टर्बोचा जोर आवरणारी झडप) उशिरा उघडते अन् टर्बो मर्यादेबाहेर हवा भरते. एका रबराच्या तुकड्यासाठी टर्बो घालवायचा का?

डिझेल_दादा (१२:१५)
क्लिप लावली तर लीक कायले होईन? बावीस वर्षं हेच करून राहिलो.

मेळघाट_चाके (१२:२१)
तुमच्या हातानं नाही होणार, मान्य. भाऊनं काल ब्रेकचा पाइप कापला, त्यायच्या हाताचं मी बोलून राहिलो.

संत्रेवाला_२७ (१२:२३)
ऐकून राहिलो मी.

नागपुरी_गियर (१२:४०)
डोंगल.

वर्धा_ड्रिल (१३:०२)
मॅनिफोल्डलेच भोक पाडा, आटे पाडा, निपल (नळी लावायचं तोंड) बसवा. सगळ्यात खरा आकडा तिथंच भेटते. ड्रिलले ग्रीस लावलं का भुसा चिकटून बाहेर येते.

डिझेल_दादा (१३:०५)
जागेवर भोक पाडू नका रे. अ‍ॅल्युमिनियमचा भुसा थोडा जरी आत गेला तर सरळ सिलेंडरात जाईन. पाडायचंच तर मॅनिफोल्ड उतरवून पाडा. याच्यावर माझं अन् मेळघाटवाल्याचं एकमत असन.

मेळघाट_चाके (१३:१०)
आहे. माझं मत असं, इंटरकूलरमधून (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीतून) मॅनिफोल्डकडं जे जाड रबरी होज जाते ते कापून मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा चार बोटं तुकडा बसवायचा, त्यावर निपल. दोन्हीकडं चांगल्या क्लॅम्प. लेथवाला तासाभरात करून देते. होजचा आतला व्यास मोजून न्या, अंदाजानं नाही. नळीच्या टोकाले बारीक उंचवटा ठेवायले सांगा, नाही तर दाबानं होज निसटते.

गेजची बारीक नळी केबिनमध्ये नेताना पत्र्याच्या भोकात ग्रोमेट (रबरी कडी) घाला, पत्रा नळी कापते. नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवा. काटा थरथरला तर नळीत बारीक छिद्राचं रिस्ट्रिक्टर टाका. अन् गाडी गोठ्याजवळ उभी करत असान तर उंदरांचं पाहा. माझी सिलिकॉनची नळी पहिल्याच महिन्यात खाल्ली.

चिखल_रोड (१३:३०)
उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवायची.

पांढरं_सोनं (१३:३३)
आमच्याकडचे उंदीर तंबाखू खातात. संत्रेवाला भाऊ, यंदा संत्र्याच्या आंब्या बहाराची फळगळ किती आहे तिकडं?

संत्रेवाला_२७ (१३:५०)
लय आहे. पावसानं उघडीपच नाही दिली, झाडाखाली सडा. पाहू आता. पण मेन गोष्ट सांगायची राहिली. गेज लावायचं कारण असं का, गाडी चढावर ओढतच नाही. काळा धूर सोडते अन् तिसऱ्यावर मरते. मिस्तरी म्हणते टर्बो गेला, नवा टाका. म्हटलं आधी गेज लावून पाहू.

डिझेल_दादा (१३:५४)
आता सांगतं हे! सकाळपासून सगळे गेजवर भांडून राहिले.

मेळघाट_चाके (१४:१०)
टर्बो बदलायच्या आधी होज पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जळायले हवा कमी पडून राहिली. टर्बो हवा भरते पण मध्येच कुठं होज फाटलं, क्लॅम्प सैल असली तर ती बाहेर निघून जाते. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक सांधा हातानं चाचपडा. आतल्या हवेत तेलाचा थोडा अंश असते, म्हणून जिथं लीक तिथं बाहेरून काळं तेलकट अन् धूळ चिकटलेली दिसन.

पुणे_टॉर्क (१४:२५)
हे योग्य आहे. फक्त आयडलवर (गाडी जागेवर मंद चालू असताना) साबणाचे पाणी लावून लीक शोधू नका, तिथे बूस्ट जवळपास नसतोच. एअर फिल्टरनंतरचे तोंड बंद करून त्यातून पंक्चरवाल्याकडची हवा हळूहळू, फार तर अर्ध्या बारपर्यंत भरा आणि मग साबण लावा.

पांढरं_सोनं (१४:२७)
सरांनी पहिल्यांदा कामाचं सांगितलं.

संत्रेवाला_२७ (रविवार, रात्री ९:१५)
ब्रेकचा पाइप नवा टाकला, ब्रेक पहिल्यासारखा मऊ. लेथवाल्याकडून नळीचा तुकडा करून आणला. अन् सापडलं! इंटरकूलरच्या खालच्या तोंडाशी होज तेलानं माखलेलं होतं. क्लॅम्पच नव्हती. कोण्या तरी आधीच्या मिस्तरीनं बांधायच्या तारेनं आवळलं होतं. तार रबरात घुसून बोटभर चीर पडली होती. होज बदललं, दोन नवीन क्लॅम्प टाकल्या. टर्बोची चकती हातानं फिरवून पाहिली, मोकळी फिरते, डुलत नाही.

पण गेज अजून बरोबर नाही. आता काटा शून्यावर असते, अन् अंगणात उभ्या गाडीत फुल्ल रेस दिली तरी ०.१ च्या पुढं जात नाही. पुन्हा चुकलं का काही?

डिझेल_दादा (९:२१)
काही चुकलं नाही. बरोबर लागलं. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर इंजिनवर ओझं नाही, डिझेल थोडंच जळते, एक्झॉस्टमध्ये तेवढा जोर नाही, टर्बो कायले फिरन? चढावर तिसऱ्यात घे, १८००-२००० आरपीएमवर पाय पूर्ण दाब, मग पाहा. तोवर अंगणात रेस देऊन शेजाऱ्यायले त्रास देऊ नको.

नागपुरी_गियर (९:४०)
डोंगलवरही न्यूट्रलमध्ये इतकंच दिसते. म्हणजे दोन्ही सारखेच.

मेळघाट_चाके (९:४४)
सारखं नाही, डोंगल मोबाईल पाहायले लावते. घाटात मोबाईल पाहू नका म्हणजे झालं. काटा नजरेच्या कोपऱ्यात दिसते.

संत्रेवाला_२७ (सोमवार, रात्री ११:०५)
जाऊन आलो. परतवाडा सोडला अन् घाट सुरू झाला तसा काटा उठला. तिसऱ्यात ०.९, एकदा १ ले टेकला. मागच्या वेळी याच वळणांवर दुसऱ्यात रडत चढलो होतो. धूर जवळपास नाहीच, मागच्या सीटवरून पोरगा काच खाली करून पाहत होता. वर धुकं इतकं का दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. मेळघाटवाले भाऊ अन् डिझेल दादा दोघायचे लय उपकार. मिस्तरीले टर्बोचे पैसे दिले असते तर यंदाची फवारणी राहिली असती.

एकच राहिलं. येताना अंधार झाला अन् गेजमध्ये काही दिसेना. लाइटची वायर दिली आहे, पण मी जोडली नाही, डॅशखाली तशीच लोंबते. लाल अन् काळी अशा दोन आहेत. कुठं जोडू?

डिझेल_दादा (११:१२)
काळी बॉडीच्या पत्र्याले, अर्थिंग म्हणून. लाल पार्किंग लाइटच्या वायरले, मध्ये छोटा फ्यूज टाकून. अन् या वेळी जोडायच्या आधी फोटो टाक.

पांढरं_सोनं (११:३०)
केवढ्याले पडलं गेज?