वीज-पाणी कमी वापरतोय, तर घरचे आणि पाहुणे 'कंजूस' म्हणतात. मदत हवी आहे

चिंचगूळ
गुढीपाडव्यापासून घरातली वीज, पाणी, गॅस सगळं कमी करायचं ठरवलं आहे. पैशांची अडचण नाही, गरजेपेक्षा जास्त वापरायचं नाही एवढंच. एसी बंद, गीझर बंद, रात्री फ्रीज बंद, शॉवर बंद करून सगळ्यांना बादली. तरी एप्रिलचं बिल मार्चपेक्षा जास्त! घरात आता सगळे म्हणतात, "एवढं करून मिळालं काय?" १५ तारखेला नणंदबाई मुलांना घेऊन दहा दिवस येणार आहेत. फोनवरच विचारून झालं, "वहिनी, एसी लावणार ना, की आम्ही हॉटेल बघू?" दोन गोष्टी सांगा. बिल का उतरत नाही? आणि लोकांना काय उत्तर द्यायचं? प्लीज, पर्यावरणावर निबंध नको, तो मला पाठ आहे.

वायरमन नाना
शहर कोणतं? माणसं किती? बिलात युनिट किती? रुपये सांगू नका, युनिट सांगा. रुपयांत इंधन समायोजन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क सगळं मिसळलेलं असतं, त्यावरून वापर कळत नाही.

वाळ्याची ताटी
एसी बंद केलात ते उत्तम झालं. कूलर घ्या. खिडकीत लावायचा, मागून बाहेरची हवा आली पाहिजे, समोरचं दार किंवा दुसरी खिडकी चार बोटं उघडी. खोली बंद ठेवून कूलर लावला की अर्ध्या तासात दमट होते आणि लोक कूलरला नावं ठेवतात. दीड-दोनशे वॉटमध्ये काम होतं. नागपुरात अख्खा मे असाच निघतो.

चिंचगूळ
ठाणे, सोसायटीत फ्लॅट. तीन मोठे, दोन मुलं. मार्च २६८, एप्रिल ३०९.

निळी ज्योत
ठाण्यात कूलर? @वाळ्याची ताटी, कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. हवेत आधीच ओलावा असेल तर पाणी उडत नाही, हवा गार होत नाही, फक्त घर ओलं होतं आणि कपाटात बुरशी येते. कोरड्या विदर्भाचा उपाय खाडीकाठी चालत नाही.

वाळ्याची ताटी
शहर नंतर सांगितलं त्यांनी. पण एप्रिलच्या भर दुपारी ठाण्यातही थोडा फरक पडतोच.

निळी ज्योत
थोडा फरक दुपारी. झोपायच्या वेळी हवा दमट असते, तेव्हा काहीच नाही.

वायरमन नाना
ताई, मार्चची एप्रिलशी तुलना करू नका. एप्रिलमध्ये पंखे जास्त चालतात, फ्रीज जास्त धावतो. गेल्या वर्षीच्या एप्रिलशी करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघा. नसेल तर जुनं बिल काढा.

साठेसाहेब
३०० च्या वर गेलात की सगळं बिल वरच्या दराने लागतं. म्हणून ३०९ पेक्षा २९९ वर थांबणं हाच खरा खेळ.

वायरमन नाना
चूक. ही समजूत घरोघरी आहे, पण घरगुती दर टप्प्याटप्प्याने लागतात. पहिले १०० एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या. ३०९ युनिट झाले तर फक्त वरचे ९ तिसऱ्या दराने. म्हणून शेवटच्या आठवड्यात घरच्यांना पंखे बंद करायला लावण्यात काही अर्थ नाही.

चिंचगूळ
गेल्या वर्षी एप्रिल ३५१! म्हणजे ४२ ने उतरलंय. हे कोणीच लक्षात घेतलं नाही. पण एसी बंद करूनही एवढंच?

वायरमन नाना
एसी आधी किती तास चालायचा? कुणाच्या खोलीत? आणि घरात इन्व्हर्टर आहे का?

सौर मित्र
सोलर बसवा, प्रश्न मिटला. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये अनुदान, ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,०००. मग दिवसभर एसी लावा, कोण विचारतंय.

निळी ज्योत
त्यांना वापर कमी करायचाय, जास्त वीज करायची नाही. शिवाय फ्लॅट आहे, गच्ची सोसायटीची.

सौर मित्र
सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठीही किलोवॉटमागे १८,००० मिळतात. विषय निघाला म्हणून सांगितलं.

चिंचगूळ
एसी फक्त सासऱ्यांच्या खोलीत आहे, रात्री सहा-सात तास चालायचा. ते ७८ वर्षांचे आहेत, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. ते काही बोलत नाहीत, पण सासूबाई रोज सुनावतात. इन्व्हर्टर आहे, जुना.

मंदा काकू
अगं, मग आधी हे सांगायचं ना! म्हणजे माणसं सहा-सात आहेत. तीन मोठे कोण धरले होतेस?

चिंचगूळ
मी, नवरा, दीर. सासू-सासरे धरून पाच मोठे, दोन मुलं. सॉरी, घाईत लिहिलं.

डॉ. तुळस
सासऱ्यांचा एसी आजच सुरू करा. वय झालं की तहान कमी लागते, घाम कमी येतो, शरीराला स्वतःला गार ठेवणं जमत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. ठाण्याच्या दमट रात्री घाम आलाच तर सुकत नाही, त्यामुळे पंख्याचा पुरेसा उपयोग होत नाही. ते बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना त्रास होत नाही असा नाही. २६ अंशांवर ठेवा, पंखा हळू लावा, दार नीट बंद होतंय ना बघा. एसीतली जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुऊन सावलीत वाळवून बसवा. धूळ भरली की हवा पुढे येत नाही आणि मशीन तासन्‌तास धावतं.

निळी ज्योत
पूर्ण सहमत. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू केला की आपोआप २४ वर लागतो. १८ चा २६ केला तर एसी न काढताही बरंच काम होतं.

आणि रात्रीचा फ्रीज बंद करणं थांबवा. सकाळी सुरू केला की आत शिरलेली सगळी उष्णता त्याला बाहेर काढावीच लागते, वाचतं ते अगदी थोडं. उलट आतलं तापमान ५ अंशांच्या वर गेलं की दूध, भिजवलेली डाळ, चिकन बिघडायला लागतं. त्यापेक्षा मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढला गेला तर रबर गेलंय.

वायरमन नाना
आता खरी तपासणी. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी imp/kWh (एका युनिटमागे दिवा किती वेळा लुकलुकतो) असा आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. फ्रीजसकट घरातलं सगळं नेहमी बंद करता तसं बटणांनी बंद करा. इन्व्हर्टर, वायफाय, सेटटॉप बॉक्स असतील तसे राहू द्या. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजा. ३६ लाख भागिले ३२००, भागिले सेकंद, म्हणजे वॉट.

चिंचगूळ
आत्ता खाली जाऊन आले. ३२०० च आहे. १४ सेकंद.

वायरमन नाना
म्हणजे ८० वॉट. चोवीस तास, तीस दिवस धरले तर ५८ युनिट, आणि हे घरात 'सगळं बंद' असताना! आता इन्व्हर्टरचा प्लग काढा. पण त्याआधी इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे, वायफाय बंद आहेत ना बघा, नाहीतर ते बॅटरीवर जातील आणि आकडा फसवेल. वायफाय इन्व्हर्टरवर असेल तर तेवढ्यापुरता दुसऱ्या सॉकेटला लावा.

चिंचगूळ
४० सेकंद!!

वायरमन नाना
म्हणजे २८ वॉट उरले. इन्व्हर्टर एकटा ५० च्या वर खातोय, महिन्याला ३७ युनिट. बॅटरी म्हातारी झाली की ती कधी पूर्ण भरतच नाही आणि चार्जर चालूच राहतो. झाकणं उघडून पाण्याची पातळी बघा. कमी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला, आरओचं किंवा नळाचं नको. चार वर्षांपेक्षा जुनी बॅटरी असेल तर बदला. वीज फारशी जात नसेल तर काढूनच टाका आणि बॅटरी भंगारात न देता दुकानात परत द्या, आत शिसं आणि आम्ल असतं.

उरलेले २८ वॉट सेटटॉप बॉक्स आणि वायफायचे. रिमोटने टीव्ही बंद केला तरी बॉक्स चालूच असतो, भिंतीवरचं बटण बंद करा.

मंदा काकू
बघ, सासऱ्यांना घामाघूम करून वाचवत होतीस त्यातलं बरंचसं कोपऱ्यातला डबा खात होता.

आता लोकांचं. जे उपाय कुणाला दिसत नाहीत ते आधी करायचे, आणि जे दिसतात ते फक्त स्वतःपुरते ठेवायचे. बादलीने आंघोळ तू कर, नवरा करेल, पाहुण्यांना शॉवर उघडा ठेव. नळाला जाळी लाव, कुणाच्या लक्षातही येणार नाही. नणंदबाई दहा दिवस माहेरी येतेय, तिला तुझ्या नियमात कशाला बसवायची?

कोकणसडा
असं लपूनछपून कशाला? 'डॉक्टरांनी एसी बंद सांगितलाय' म्हणून सांगा, विषय संपला.

मंदा काकू
खोटं अजिबात नको. दुसऱ्या दिवशी सासूबाईच नणंदेला खरं सांगतील. सरळ म्हणायचं, "ताई, एसी आहे, २६ वर लावते, कमी वाटलं तर सांगा." एवढंच. कंजूस म्हटलं तर वाद घालायचा नाही. जेवायला वाढताना हात आखडता घेतला नाही की तो शब्द आपोआप गळतो. पाहुण्यांना आमरस पोटभर वाढ, वीज कुठे वाचवतेस ते कुणी विचारणार नाही.

चिंचगूळ
हे जमेल. नळाची जाळी म्हणजे काय? कुठल्या नळाला?

निळी ज्योत
एअरेटर. स्वयंपाकघर आणि वॉशबेसिनच्या नळाला. साधा नळ मिनिटाला १० ते १५ लिटर सोडतो, जाळी लावली की ३ ते ६. नळाचं तोंड उघडून दुकानात घेऊन जा, आटे आतून की बाहेरून आणि व्यास किती यावर जाळी ठरते, अंदाजाने आणली तर बसत नाही. बादलीच्या नळाला लावू नका, बादली तेवढीच भरते, फक्त वेळ दुप्पट लागतो आणि घरचे चिडतात. क्षार साठून धार वाकडी झाली की रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका.

फ्लशची टाकी जुनी १० लिटरची असेल तर आत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली उभी करा, तरफेला लागणार नाही अशी. वीट नको, ती विरघळून चिखल होतो आणि झडप अडकते. दोन बाटल्याही नकोत, मग लोक दोनदा फ्लश करतात.

साठेसाहेब
पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) करा. जुना ७५ वॉटचा, नवा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. कुणालाही फरक कळत नाही, उलट आवाज कमी.

वायरमन नाना
हे बरोबर. फक्त जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाका, नाहीतर पंखा गुणगुणतो आणि आतला सर्किट बोर्ड जळू शकतो. आणि सासऱ्यांच्या खोलीत रिमोटवरच चालणारा घेऊ नका. भिंतीवरचं बटण बंद-चालू करून वेग बदलणारे मिळतात, ते घ्या.

कोकणसडा
विषय निघालाच आहे तर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जे प्लास्टिकचे डबे-चाळण्या वाण म्हणून येतात त्यांचं काय करायचं? कपाट भरलंय. नाकारलं तर समोरची रागावते.

मंदा काकू
वाण नाकारत नाहीत. घ्यायचं आणि ज्याला लागेल त्याला द्यायचं. आपण देताना संपणारं द्यायचं: वाती, कापूर, हिंगाची डबी, तिळाची वडी, गूळ.

निळी ज्योत
वाणाचा वेगळा धागा काढा. इथे गॅसचं राहिलंय. भात एक उकळी येऊन पाच मिनिटं शिजला की घट्ट झाकण लावून, जाड चादरीत गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात ४० मिनिटं ठेवा, गॅस बंद. मूगडाळही होते, आधी तासभर भिजवून. राजमा मात्र असा करू नका. तो आधी किमान १० मिनिटं खळाखळा उकळावाच लागतो. मंद आचेवर किंवा नुसत्या उबेत शिजवला तर त्यातलं विष जात नाही आणि उलट्या होतात. आच पिवळी दिसत असेल तर बर्नरची भोकं पिनेने साफ करा.

सौर मित्र
किंवा इंडक्शन.

निळी ज्योत
लिटरभर पाणी उकळायला इंडक्शनवर साधारण ०.१ युनिट, गॅसवर साधारण १० ग्रॅम. खर्चात फार मोठी तफावत नाही, पण वीज कमी करायला निघालेल्या बाईला वीज वाढवायला कशाला सांगता?

चिंचगूळ
सासऱ्यांचा एसी २६ वर लावला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांची उशीही त्या खोलीत नेली. इन्व्हर्टरवाल्याला उद्या बोलावलंय. नाना, एक विचारायचं राहिलं: इन्व्हर्टर काढला तर लिफ्टजवळच्या बोर्डातली त्याची वायर तशीच सोडली तर चालते का?

वायरमन नाना
नाही. ती सर्किटं परत सरळ मेनला जोडून घ्यावी लागतात, नाहीतर त्या दिव्या-पंख्यांना वीजच येणार नाही. काम मेन स्विच बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच. इन्व्हर्टरचं न्यूट्रल वेगळं ओढलं असेल तर तेही बदलायला सांगा. त्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.