मायोलच्या कांस्यस्त्रीला स्वतःचे मन आहे का?

मूळ मत:
पॅरिसच्या त्वीलरी उद्यानातील फ्रेंच शिल्पकार आरिस्तीद मायोल (१८६१–१९४४) याच्या भरीव, शांत, निर्दोष घाटाच्या स्त्रिया नेमक्या कोण आहेत, हा प्रश्न मला सतत पडतो. त्यांची नावे ‘भूमध्य सागर’, ‘पर्वत’, ‘नदी’ अशी आहेत. म्हणजे त्या स्वतः सोडून बाकी सारे काही आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेल्या फ्रेंच क्रांतिकारक ब्लांकीच्या फ्रान्समधील प्युजे-तेनिए येथील स्मारकासाठीही त्याने विवस्त्र स्त्रीच घडवली. लढा पुरुषाचा आणि देह तिचा, हे मला पटत नाही.

प्रतिसाद:
मी सहमत नाही. त्या स्मारकाचे नाव ‘जखडलेली कृती’ आहे. हात पाठीमागे बांधलेले असूनही पाऊल पुढे पडते आहे आणि धडाला असा पीळ बसला आहे की सारी शक्ती बंधनाविरुद्ध एकवटलेली दिसते. ब्लांकीचाच, दाढीवाल्या वृद्धाचा पुतळा असता तर तो एका माणसापुरता उरला असता. शिवाय मायोलची मॉडेल दीना व्हिएर्नी हिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निर्वासितांना पिरेनीज पर्वत ओलांडायला मदत केली आणि पुढे त्याची शिल्पे राष्ट्राला दिली, म्हणूनच ती १९६४ पासून त्या उद्यानात आहेत. अशा स्त्रीला मूक कसे म्हणावे?

मूळ लेखिका:
व्हिएर्नीचे धैर्य तिचे स्वतःचे आहे. ते पुतळ्यात आपोआप उतरत नाही. शिल्पकार कामीय क्लोदेलचे ‘प्रौढत्व’ हे शिल्प पाहा. वृद्धा पुरुषाला ओढून नेते आहे, गुडघ्यांवर बसलेली तरुणी हात पसरते आहे, आणि त्याचा हात व तिचे हात यांच्यामध्ये रिकामी जागा उरली आहे. तिला काय हवे आहे, हे त्या पोकळीतूनच कळते. शिल्पकार जेर्मेन रिशिएची ‘वादळस्त्री’ (१९४८–४९) तर खडबडीत, खाचाखळग्यांनी भरलेल्या त्वचेसह पाय रोवून उभी आहे. डोळ्यांना सुखावण्याची जबाबदारी तिने घेतलेलीच नाही.

प्रतिसाद:
परंतु रिशिएनेही स्त्रीला वादळाचेच नाव दिले! मग निसर्गाचे नाव मायोलच्या बाबतीतच दोष कसा ठरतो?

मूळ लेखिका:
नावाचा मुद्दा मी मागे घेते, तो कच्चा होता. ‘जखडलेली कृती’बद्दलही तुमचे म्हणणे मान्य आहे. मात्र ‘भूमध्य सागर’मधील स्त्री डोके हातावर टेकवून अशी स्वतःत मिटून बसली आहे, की तिची रचना कितीही अचूक असली तरी तिला विचारावे असे मला काही सुचत नाही. रिशिएच्या स्त्रीसमोर मात्र मीच उत्तर शोधू लागते.