मदत हवी आहे: मागची डावी एअर बॅग रात्रभरात बसते, चतुर्थीला अकरा दिवस उरलेत

मन्या_कुडाळ (धागाकर्ता), रात्री ११.५०
मंडळी, जरा घाईत आहे. गाडीला मागे एअर बॅगा बसवल्यात (अपघातात फुगतात त्या नव्हे, मागचा भार उचलणाऱ्या सस्पेन्शनच्या हवेच्या पिशव्या). संध्याकाळी दोन्हीत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतो. सकाळी उजवी जशीच्या तशी, डावी पार बसलेली, गाडी एका अंगावर कललेली. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, एक बुडबुडा नाही. डावीकडची अख्खी ट्यूब बदलली, तरी तेच. व्हॉल्व्ह ब्लॉक (बॅगांत हवा भरणारे-सोडणारे व्हॉल्व्ह असलेला ठोकळा) कोरा आहे. आई-बाबांना घेऊन गावी जायचंय. कुठे चुकतंय?

जुनं_इंजिन, रात्री १२.१०
गाडी कोणती ते तरी सांगा. ट्यूब कसली, किती एमएम? दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह आहेत की एकाच लाइनवर टी (तीन तोंडांचा जोड) मारून दोन्ही बॅगा? टाकीत किती प्रेशर राहतं? एवढ्यावर कोणी काय सांगणार?

सायन_सर्कल, रात्री १२.२५
काही नाही, रात्री हवा थंड होते म्हणून प्रेशर उतरतं. टायरचंही उतरतं की.

जुनं_इंजिन, रात्री १२.३१
मग उजवीचं का उतरत नाही? आणि मुंबईत रात्रीत तापमान ३२ वरून २६ वर आलं तरी ४० पीएसआयमागे जेमतेम १ जातो. बॅग बसत नाही त्याने.

विक्रोळीचा_वकील, सकाळी ७.०५
आधी कायद्याचं बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. जुन्या गाडीचं पुनर्नोंदणीला इन्स्पेक्शन होतं, तिथे अडवतील. कळकळीने सांगतोय, माझ्या मित्राची जीप अशीच अडकून पडली होती.

मन्या_कुडाळ, सकाळी ८.४०
वकीलसाहेब, धन्यवाद, पण आरटीओचं मी विचारलं नव्हतं. ते गावाहून आल्यावर नीट विचारून घेईन.

गाडी पद्मिनी, १९८६, बाबांची. मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तसेच आहेत, एकही काढलेला नाही. बॅगा त्यांच्या जोडीला, अ‍ॅक्सल आणि बॉडीच्या मध्ये. पाच माणसं बसली आणि डिकीत मखराचं सामान गेलं की मागचा भाग इतका दबतो की वडखळच्या पुढे प्रत्येक खड्ड्यात खालून आपटतं. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. गेल्या वर्षी ते पेणपासून माणगावपर्यंत दोन्ही हात सीटवर टेकून, अंग उचलून बसले होते. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कॉम्प्रेसर १२ व्होल्टचा, टाकी ९ लिटरची, चार सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) ब्लॉक. म्हणजे दोन्ही बाजूंना भरायचा वेगळा, सोडायचा वेगळा. ट्यूब ८ एमएम पीयू (पॉलियुरेथेन). सगळं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारातून. टाकीत रात्री १२० होतं, सकाळी ११५.

माहीमची_खाडी, सकाळी ९.१०
पद्मिनी! वाचून सकाळ छान झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. माझ्या काकांची टॅक्सी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. काका त्या दिवशी मुद्दाम ताडदेवला जाऊन आले. तुमच्या गाडीला हँडल गिअरच (स्टिअरिंगजवळचा) आहे ना? फोटो टाका ना.

हवाबंद, सकाळी ९.३५
मी पॅकिंग मशिनच्या कारखान्यात न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा) बघतो, अठरा वर्षं झाली. माझ्या मते ब्लॉकच. हे साधे दोन तोंडांचे सोलेनॉइड एकाच दिशेने हवा अडवतात. उलट्या बाजूने प्रेशर आलं की आतलं सील उचललं जातं आणि बॅगेतली हवा टाकीकडे पळते. बाहेर गळतच नाही, तर साबणाला बुडबुडा कुठून येणार? भरायच्या प्रत्येक व्हॉल्व्हपुढे एकेक चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, प्रश्न मिटेल.

जुनं_इंजिन, सकाळी ९.५०
टाकी रिकामी असती तर तुमचं खरं होतं. पण त्याच्या टाकीत सकाळी ११५ आहे. ४० ची हवा ११५ मध्ये कशी जाईल?

हवाबंद, सकाळी १०.०२
मान्य. मग सोडायचा व्हॉल्व्ह. त्याचं सील जिथे टेकतं तिथे कचरा बसला असेल. पावसाळ्यात टाकीत पाणी जमतं, ते ब्लॉकपर्यंत येतं आणि आतला प्लंजर गंजतो. रोज टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढता का?

पाटेवाला_पनवेल, सकाळी १०.२०
एवढं सगळं कशाला? कॉम्प्रेसर, टाकी, ब्लॉक काढून ठेवा. दोन्ही बॅगांना टी मारून एकच लाइन डिकीत आणा, टोकाला टायरसारखा व्हॉल्व्ह लावा आणि पेट्रोल पंपावर भरा. माझ्या गाडीला चार वर्षं असंच आहे.

जुनं_इंजिन, सकाळी १०.३४
टायरचा व्हॉल्व्ह ठीक. टी मात्र अजिबात नको. वळणावर बाहेरच्या बाजूच्या बॅगेवर भार येतो, टी असली की तिची हवा आतल्या बाजूच्या बॅगेत ढकलली जाते आणि गाडी जास्तच झुकते. म्हातारी माणसं मागे बसवून घाट उतरताना हे नको. दोन बॅगांना दोन वेगळे व्हॉल्व्ह.

पाटेवाला_पनवेल, सकाळी १०.४०
मी परशुराम घाट भरल्या गाडीने दहा वेळा उतरलोय, काही झालं नाही.

जुनं_इंजिन, सकाळी १०.५५
तुमच्या पाट्यांनी सांभाळलं म्हणून. दुसऱ्याच्या आई-बाबांना घेऊन मी तो प्रयोग सांगणार नाही.

मन्या, आता अंदाज बास. आज रात्री डावी बॅग ४० वर भर, मग तिची ट्यूब ब्लॉकपासून सोडव. नुसती ओढलीस तर क्षणात हवा जाईल, म्हणून आधी मध्ये बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्या बॅगेकडच्या बाजूला गेज लाव. बॉल व्हॉल्व्ह बंद कर आणि झोप. सकाळी ४० राहिलं तर दोष ब्लॉकचा, उतरलं तर बॅगेकडचा. आणि बॅगेवर उचललेल्या गाडीखाली शिरू नकोस. दोन्ही बाजूंना स्टँड लावल्याशिवाय नाही.

हवाबंद, सकाळी ११.१०
हे बरोबर. जोडीला एक कर. सोडायच्या व्हॉल्व्हच्या तोंडाला वीतभर ट्यूब लाव आणि टोक ग्लासभर पाण्यात बुडवून ठेव. मिनिटाला एक बुडबुडा आला तरी दिसतो.

निळी_पद्मिनी, दुपारी १.००
जुन्या मर्सिडीज ३०० एसईएलला कंपनीतूनच एअर सस्पेन्शन असायचं. पुढे दोन आणि मागे एक लेव्हलिंग व्हॉल्व्ह, उंची आपोआप राखली जायची. ते व्हॉल्व्ह मिळाले तर स्विच दाबायचाही त्रास नाही.

मन्या_कुडाळ, दुसऱ्या दिवशी सकाळी ६.४५
ग्लासात एकही बुडबुडा नाही, तासभर बसून पाहिलं. बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून झोपलो. रात्री ४०, सकाळी ६. म्हणजे ब्लॉक निर्दोष सुटला. बॅगच फाटली का? नवीन यायला तीन आठवडे लागतील, तोवर विसर्जनही होऊन जाईल.

जुनं_इंजिन, सकाळी ७.२०
थांब. बॅगेच्या तोंडावर काय आहे? उजवीकडे जे फिटिंग आहे तेच डावीकडे आहे का?

मन्या_कुडाळ, सकाळी ७.३२
नाही. बॅगांचा किट मावसभावाने अमेरिकेहून आणला. त्यातली सरळ फिटिंगं होती. उजवीकडे ती बसली. डावीकडे वर जागाच नव्हती, ट्यूब मुडपत होती, म्हणून पितळी एल्बो (काटकोनी फिटिंग) आणून लावली. पाव इंचीच आहे. दोन-अडीच आटे हाताने गेली, मग पाना लावून घट्ट केली. टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे दिलेत.

जुनं_इंजिन, सकाळी ७.४०
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. तीच गळतेय.

अमेरिकन बॅगेचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे. आपल्याकडे दुकानात नुसतं पाव इंची मागितलं की बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं, हातात येतं. पाव इंची एनपीटीला इंचाला १८ आटे, कोन ६० अंश. बीएसपीला १९ आटे, कोन ५५. सुरुवातीचे दोन आटे जमतात म्हणून माणूस फसतो. पुढे एकमेकांवर चढतात आणि पाना लावला की ठेचले जातात. आट्यांच्या मुळाशी गोल फिरत जाणारी वाट मोकळी राहते, ती कितीही टेपने बुजत नाही. अर्ध्या इंचीत तर दोन्हीला १४ च आटे, ते सरळ आत जातं आणि तरी गळतं.

साबण कुठे मारलास?

मन्या_कुडाळ, सकाळी ७.५१
ट्यूब जिथे एल्बोत जाते तिथे. आट्यांचा भाग ब्रॅकेटच्या भोकात वर आहे, तिथे हात पोचत नाही.

सायन_सर्कल, सकाळी ८.०५
एल्बोभोवती एम-सील भरा, चार तासांत दगड होतो. गावाला जाऊन याल.

हवाबंद, सकाळी ८.१२
नको. ती बॅग प्रत्येक खड्ड्याला हलते, एम-सीलला तडा जाणार आणि नेमकी माणगावात हवा जाणार. बॅगेच्या प्लेटवर बीएसपीचा टॅपही कोणाला मारू देऊ नका, असलेले आटे जातील. ब्लॉकबद्दल माझा अंदाज चुकला. नागदेवीला इम्पोर्टेड फिटिंगवाले आहेत, किटमधलं सरळ फिटिंग सोबत न्या आणि एनपीटी असं स्पष्ट सांगा. दुकानातच पिच गेज (आट्यांचं माप बघायची पट्टी) लावून बघा. उद्या रविवार, बहुतेक बंद असेल, आजच जा.

मन्या_कुडाळ, रात्री १०.१५
बॅग काढली. एल्बो लावलेलीच ठेवून ५ पीएसआय हवा भरली आणि बादलीत धरली. एल्बोच्या बुडाशी एकाच जागेतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती, मोहरीएवढे, एकामागून एक. एल्बो सोडवली तर पहिले दोन आटे चकचकीत आणि तिसऱ्यापासून ठेचून चपटे झालेले. टेप दोऱ्यासारखी वळून एका बाजूला गोळा झाली होती. बॅगेचे आटे पोलादाचे, ते शाबूत आहेत.

नागदेवीला चौथ्या दुकानात एनपीटी एल्बो मिळाली. पहिल्या तिघांनी "चालून जाईल" म्हणत बीएसपीच पुढे केली. सरळ फिटिंग काउंटरवर ठेवून दोन्हीचे आटे एकमेकांत बसवून दाखवले, तेव्हा चौथ्याने आतून डबा काढला. पहिला आटा मोकळा सोडून टेपचे दोनच वेढे दिले. साडेआठला ४० भरून ठेवलंय.

मन्या_कुडाळ, सकाळी ६.२०
३९. उजवीसुद्धा ३९. बाबा खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेले आणि मागच्या दोन्ही चाकांवरचं अंतर चार बोटांनी मोजून पाहिलं. सारखं आहे.

हवाबंद, सकाळी ७.००
छान झालं. आता पीयू ट्यूब सायलेंसरपासून किमान वीतभर लांब बांधा, उष्णतेने ती मऊ पडते. जमलं तर तेवढ्या तुकड्याला नायलॉनची ट्यूब टाका. बॅगा कधी शून्यावर ठेवून चालवू नका, रिकाम्या गाडीतही ५-७ असू द्या. आणि गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर?

मन्या_कुडाळ, सकाळी ७.१५
डायनॅमोच.

हवाबंद, सकाळी ७.१८
मग हेडलाइट आणि वायपर चालू असताना कॉम्प्रेसर लावू नका, बॅटरी उतरेल. निघण्याआधी टाकी भरून घ्या आणि पुढचं चहाला थांबाल तेव्हा, इंजिन चालू ठेवून.

पाटेवाला_पनवेल, सकाळी ८.३०
माझं अजूनही म्हणणं आहे, डिकीत टायरचे दोन व्हॉल्व्ह असू द्या. कॉम्प्रेसर बंद पडला तर कोणत्याही पंपावर हवा भरता येईल. टी नको म्हणता तर टी नको.

मन्या_कुडाळ, सकाळी ८.४२
हे करतो. दोन्ही लाइनवर एकेक. त्याचे आटे कोणते ते दुकानात मोजूनच घेईन.

माहीमची_खाडी, सकाळी ९.०५
हँडल गिअरचा फोटो राहिला.